अर्धी जोडी

मुलगी आइस डान्स करते असं सांगितलं की समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असायचा. "म्हणजे त्या गोल गोल उड्या मारतात तेच ना?" ते नव्हे. फिगर स्केटिंगमध्ये एकेरी असतं, पेअर्स नावाचा जोडीचा प्रकार असतो, आणि आइस डान्स हाही जोडीचाच, पण त्याहून वेगळा. पेअर्समध्ये मुलगा मुलीला डोक्यावर उचलतो, हवेत भिरकावतो. डान्समध्ये हात डोक्यापेक्षा वर ताणून उचलायला बंदी, फेकायला बंदी, तीन-चार गिरक्यांच्या उड्याही नाहीत. मग उरतं काय? उरतात पाय. ब्लेडच्या आतल्या आणि बाहेरच्या कडेवर किती खोल झुकलात, किती वेग धरलात, तालात राहिलात का, आणि हे सगळं जोडीदाराच्या किती जवळ राहून केलंत, यावर गुण. टीव्हीवर सगळ्यात सोपं हेच दिसतं. आमच्या घरातली दहा-बारा वर्षं त्यात गेली.

आम्ही मिशिगनमध्ये राहतो, डेट्रॉइटच्या पश्चिमेकडच्या उपनगरात. नवऱ्याची नोकरी मोटारींच्या धंद्यात, म्हणून इथे आलो. या भागात आइस डान्सचं एवढं प्रस्थ आहे हे आम्हाला कुठे माहीत होतं! २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये सुवर्ण मिळवणारे कॅनडाचे टेसा व्हर्च्यू आणि स्कॉट मॉयर, आणि रौप्य मिळवणारे अमेरिकेचे मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट, या दोन्ही जोड्या सराव करायच्या कँटन गावातल्या एकाच रिंकवर, मरीना झुएवा आणि इगॉर श्पिलबँड या एकाच कोच जोडगोळीकडे. आमच्या घरापासून ते रिंक गाडीने अर्ध्या तासाच्या आत. त्या वर्षी लोकनृत्य हा विषय होता आणि डेव्हिस-व्हाइटनी हिंदी सिनेमाच्या गाण्यांवर नाच बसवला होता. त्यासाठी इथल्याच अ‍ॅन आर्बरच्या एका भारतीय नृत्यशिक्षिकेकडे ते शिकले होते. त्याच ऑलिंपिकमध्ये रशियाच्या डोम्निना-शाबालिन जोडीने ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचा म्हणून जो नाच केला त्यावर त्या लोकांनी भरपूर आक्षेप घेतले. आमच्याकडे उलटंच झालं. मंडळाच्या ग्रुपवर आठवडाभर डेव्हिस-व्हाइटचाच व्हिडिओ फिरत होता. मेरिलचा हात कुठे चुकला, चार्लीची मान कशी बरोबर हलते, यावर भरतनाट्यम शिकलेल्या सगळ्या मावश्यांची मतं आली. लेक तेव्हा सात वर्षांची होती. तिने मतबित काही दिलं नाही, पायात मोजे घालून स्वयंपाकघराच्या फरशीवर घसरायला लागली.

सुरुवात सगळ्यांसारखीच, शनिवारच्या ग्रुप क्लासने. मग एकेरी, मग उड्या. दहाव्या वर्षापर्यंत एकेरीत तिचं बरं चाललं होतं, पण दोन गिरक्यांच्या उडीवर गाडी अडली. तेव्हा आमच्या कोचबाई म्हणाल्या, "हिला डान्सला घाला, हिचे गुडघे फार चांगले आहेत." गुडघा वाकवून तो तसाच मऊ ठेवता येणं ही डान्समधली मोठी तारीफ आहे, हे नंतर कळलं. उडी जमत नाही म्हणून डान्स, असं रिंकवरच्या काही आया आडून बोलल्या. बोलू देत. उडीचं तंत्र हवेत दिसतं, डान्सचं तंत्र बर्फाला चिकटलेलं असतं, आणि बहुतेक पालक बर्फाकडे बघतच नाहीत.

नव्या ब्लेड घ्याव्या लागल्या. डान्सच्या ब्लेडची मागची शेपटी आखूड असते, कारण दोघं इतके जवळून जातात की लांब शेपटी दुसऱ्याच्या ब्लेडवर पडायचीच. तरी पडतेच. लेकीच्या डाव्या नडगीवर त्याची खूण आहे.

पहिली दोन-तीन वर्षं जोडीदार लागत नाही. ती वर्षं असतात पॅटर्न डान्सची. ठरलेला ताल, ठरलेली पावलं आणि बर्फावर ती कुठे पडायची याचा ठरलेला नकाशा. डच वॉल्ट्झपासून सुरुवात होते आणि पायरीपायरीने वर जात व्हिएनीज वॉल्ट्झ, क्विकस्टेप, अर्जेंटाइन टँगोपर्यंत पोचायचं. प्रत्येक पायरीवर परीक्षा, तीन परीक्षक हातात कागद घेऊन कठड्याशी. यातले काही नाच शंभर वर्षांहून जुने आहेत. फोर्टीनस्टेप हा मार्चच्या तालावरचा नाच व्हिएन्नात १८८९ साली बसवलेला. तो आमच्या फ्रिजवर वर्षभर चिकटवलेला होता, म्हणजे त्याचा नकाशा. लांबट वर्तुळ, त्यावर बाण, बाणांना आकडे, कोणती कड, किती मात्रा. परीक्षेला कोच स्वतः जोडीदार म्हणून उतरतात आणि त्याचे वेगळे पैसे घेतात. अमेरिकेतली बरीच रिंक हॉकीच्या मापाची, २६ मीटर रुंद. आंतरराष्ट्रीय रिंक ३० मीटरची. तोच नाच चार मीटर कमी जागेत बसवायचा म्हणजे वळणं आणखी आवळायची, आणि मग एखाद्या स्पर्धेला मोठं रिंक मिळालं की ती परत सैल करायची.

वॉल्ट्झ सहा मात्रांत मोजतात. मी सांगलीला पाच वर्षं गाण्याच्या क्लासला गेलेली. म्हटलं, अगं हा दादराच की, धा धी ना धा ती ना म्हण, आपोआप बसेल. तिने दोन दिवस म्हणून बघितलं. तिसऱ्या दिवशी गाडीत म्हणाली, "आई, तुझा चौथा धा येतो तेव्हा मला मागे वळायचं असतं आणि मी समेची वाट बघत बसते. नको." विषय संपला.

बाराव्या वर्षी जोडीदार शोधायची वेळ आली, आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते. या खेळात मुली ढीगभर आणि मुलगे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. जोडीदार शोधायची एक वेबसाइट असते. तिथे मुलीची माहिती टाकायची: वय, उंची, वजन, किती परीक्षा दिल्या, दुसऱ्या गावी राहायला जायची तयारी आहे का, खर्चाची किती तयारी आहे. सोबत व्हिडिओ. मंडळात सांगितल्यावर एकजात सगळ्यांनी कांदेपोह्यांचा विनोद केला. मीही हसले, पण मनात म्हटलं, कांदेपोह्यात निदान दोन्हीकडे माणसं सारखी असतात. इथे एका मुलाला दहा-बारा मुली बघायला येतात. कोणाच्या आया थेट सांगतात, आमची मुलगी कमी वजनाची आहे. बारा वर्षांच्या मुलीबद्दल. आणि देण्याघेण्याचं तर विचारूच नका. मुलाच्या कोचिंगचा अर्धा किंवा पूर्ण खर्च मुलीकडच्यांनी उचलायचा, कधी बर्फाचे पैसे, कधी कपड्यांचे, असं सर्रास चालतं आणि त्यात कोणाला काही वावगंही वाटत नाही. माझं लग्न नोंदणी पद्धतीने झालं. माझ्या वडिलांनी हुंडा हा शब्द घरात उच्चारू दिला नव्हता. आणि मी मिशिगनमध्ये बसून दुसऱ्याच्या मुलाच्या कोचिंगचा चेक लिहीत होते.

ट्रायआउट नावाचा प्रकार मी कधी विसरणार नाही. मुलगा ओहायोहून आला होता, लेकीपेक्षा दीड वर्षाने मोठा, हाताचे तळवे ओले, सारखा पँटीला पुसत होता. दोघांनी पहिल्यांदा नुसत्या हात धरून फेऱ्या मारायच्या. बोलायचं नाही. कोच कठड्याला टेकून फक्त चार पाय बघत होत्या. ढकलल्यावर मागे जाणारा मोकळा पाय दोघांचा एकाच उंचीला येतो का, गुडघे एकाच वेळी वाकतात का. मग वॉल्ट्झ होल्ड. मुलाचा उजवा हात मुलीच्या पाठीवर खांद्याच्या पात्याखाली, मुलीचा डावा हात त्याच्या खांद्यावर, एक पुढे जाणारा, एक मागे. पहिल्या वळणाला दोघांच्या ब्लेडी आपटल्या, खणकन आवाज आला, तो "सॉरी" म्हणाला आणि ही म्हणाली, "मोठं पाऊल टाक, मी बाजूला होते." कोचबाईंनी माझ्याकडे बघून भुवई उचलली. जोड्या चेहऱ्याने जमत नाहीत, पावलांच्या लांबीने जमतात. हे दोघं पावलाने जमले. लॉबीत त्याच्या आईने वहीत लिहून आणलेले प्रश्न काढले. आठवड्याला किती तास, कोण गाडी चालवणार, शाळेचं काय, आणि शेवटी पैशांचं. बाई सरळ होत्या. आम्ही दोघींनी कागदावर लिहून काढलं. कोरिओग्राफी अर्धी अर्धी, संगीताचं एडिटिंग अर्धं, कपडे ज्याचे त्याने, आणि बर्फाचे पैसे दोन वर्षं आम्ही. वकिलाकडून करार करून घेणारी कुटुंबंही असतात. आमचा साधा कागद होता, पण सही केलेला.

त्यानंतर आमचं घड्याळ त्या मुलाच्या घड्याळाला बांधलं गेलं. तो आणि त्याची आई आमच्या गावाजवळ भाड्याने राहायला आले. सकाळी पावणेपाचला उठायचं, सहाला बर्फावर. शाळेने पहिल्या दोन तासांची सूट दिली, पुढे अर्धे विषय ऑनलाइन झाले. दुपारी बॅले, बॉलरूम, जिम. बॉलरूमच्या क्लासमध्ये दोघं जमिनीवर तेच होल्ड धरून तासभर फक्त चालायचे. बघायला कंटाळवाणं, पण बर्फावर त्याचा फरक महिन्याभरात दिसायचा. हंगामाचं चक्र ठरलेलं. एप्रिल-मेमध्ये नवीन कार्यक्रम बसवायचा, उन्हाळ्यात लेक प्लॅसिड नावाच्या गावी जाऊन तो परीक्षकांसमोर तपासून घ्यायचा, शरद ऋतूत विभागीय स्पर्धा, जानेवारीत राष्ट्रीय. लेक प्लॅसिड म्हणजे १९३२ आणि १९८० ची ऑलिंपिक झालेलं गाव. डोंगर, तळं, आणि दर उन्हाळ्यात देशभरचे आइस डान्सर. तिथे हॉटेलच्या कॉरिडॉरमध्येही पोरं ट्विझल मारत असतात.

ट्विझल म्हणजे एका पायावर पुढे सरकत सरकत घेतलेल्या गिरक्या. दोघांनी एकाच वेळी, एकाच वेगात, एकाच अंतरावर. एकाचा पाय खाली टेकला की संपलं. वर्षभर चांगलं स्केटिंग केलेली जोडी या आठ-दहा सेकंदांत घसरते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. मोठमोठे जगज्जेतेही यात चुकतात, त्यामुळे पालकांना तेवढीच काय ती सांत्वना. जोडीदाराला उचलतात ती लिफ्ट, तिलाही घड्याळ असतं. छोटी लिफ्ट सात सेकंद, दोन लिफ्ट जोडून केलेली जोडलिफ्ट बारा. जास्त वेळ धरली की गुण कापले. दोघांपैकी एक पडला तर एक गुण गेला, दोघं पडले तर दोन. कपड्यावरचं पीस किंवा केसातलं फूल बर्फावर पडलं तरी एक गुण जातो, म्हणून मी लेकीच्या अंबाड्याला इतक्या पिना टोचायचे की विमानतळावर यंत्र वाजायचं.

कपड्यांचं एक वेगळंच. फ्री डान्सचा, म्हणजे स्पर्धेतल्या आपल्या मनाने बसवलेल्या मोकळ्या नाचाचा, पोशाख शिवायला एक बाई होती, पण त्यावरचे खडे चिकटवायचं काम आमच्याकडे. गॅरेजचं दार उघडं टाकून, नाकाला रुमाल बांधून, चिमट्याने एकेक खडा. त्या गोंदाच्या वासाने डोकं उठतं. एका पोशाखाला दोन-तीन रात्री जायच्या. नवरा इंजिनिअर, त्याने कागदावर आधी नक्षीची जाळी काढली, मग खडे लावले. मी आपली नजरेने. तिचा निळा पोशाख माझा आणि काळा त्याचा, आणि काळा जास्त छान दिसायचा हे मान्य करायला हवं.

संगीताचं मला फार आवडायचं. कार्यक्रमाची वेळ सेकंदात मोजलेली असते, त्यामुळे गाणं कापणं ही स्वतंत्र विद्या. आमच्या कोचबाई प्रत्येक नव्या जोडीला १९८४ च्या साराजेवो ऑलिंपिकची गोष्ट सांगायच्या. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचे जेन टॉर्विल आणि ख्रिस्तोफर डीन, ती विमा कंपनीत कारकून, तो आधी पोलिसात. त्यांनी निवडलेलं संगीत नियमाच्या वेळेपेक्षा काही सेकंद लांब होतं आणि त्याहून छोटं कापता येत नव्हतं. घड्याळ ब्लेड बर्फावर सरकायला लागल्यावर सुरू होतं. म्हणून त्यांनी सुरुवातीचे काही सेकंद गुडघ्यांवर बसून नुसतं अंग हलवलं. कलात्मक गुणांत नऊच्या नऊ परीक्षकांनी पैकीच्या पैकी सहा दिले. आता ती सहाची पद्धत राहिली नाही. आता तांत्रिक पॅनेल प्रत्येक घटकाला पातळी देतं, परीक्षक उणे पाचपासून अधिक पाचपर्यंत गुण लावतात, आणि शेवटी हातात येतो आकड्यांचा कागद. पॅटर्नमधल्या ठरावीक पावलांपुढे हो, नाही किंवा ताल चुकला एवढंच लिहिलेलं असतं. घरी आल्यावर लेक तो कागद टेबलावर पसरून बसायची. भावनाबिवना नाही. "इथे आतली कड धरली नाही, बरोबर दिलंय त्यांनी." मला तो कागद आवडतो. माझ्या पिढीला गाण्याच्या परीक्षेत नुसतं "प्रथम श्रेणी" लिहून मिळायचं, का ते कधी कळलं नाही.

एका विभागीय स्पर्धेत ते चौथे आले. अमेरिकेत चौथ्यालाही पदक देतात, प्यूटरचं, करड्या रंगाचं. सांगलीला आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "चौथ्याला पण देतात? चांगले लोक आहेत."

मग वय वाढलं. तेरा ते सोळा या वर्षांत मुलगे एकदम उंच होतात आणि मुलींची उंची थांबते किंवा उलटं होतं, आणि जोडीचं गणित दर सहा महिन्यांनी बदलतं. जमलेली लिफ्ट जमेनाशी होते, कारण पकडायची जागा चार इंच वर गेलेली असते. अशाच एका सरावात ती त्याच्या मांडीवरून सटकून हनुवटीवर आली. टाके पडले. तो मुलगा तिच्यापेक्षा जास्त रडला, आणि आठवडाभर तिला उचलायलाच तयार नव्हता. हात मागे घ्यायचा. लिफ्टमध्ये उचलणाऱ्याने कचरून चालत नाही. भीती मुलाच्या हातात आली की मुलीला ती कमरेला कळते, असं लेक म्हणायची. कोचनी दोघांना बर्फावरून काढून गादीवर नेलं, बुटांशिवाय. तिथे पुन्हा पहिल्यापासून.

दुखणी बाहेर दिसत नाहीत तीही असतात. टेसा व्हर्च्यूला दोन्ही नडग्यांच्या स्नायूंवर दाब येण्याचा आजार होता, २००८ आणि २०१० मध्ये तिने शस्त्रक्रिया करून घेतल्या आणि २०१८ ला पुन्हा सुवर्ण जिंकलं. आमच्या फिजिओथेरपिस्टने लेकीला हे सांगितलं ते धीर द्यायला. मला त्याने धीर आला नाही.

जोडी तुटली २०१९ च्या वसंतात. हंगाम संपला की सगळीकडे तुटातुटी होते, तो मोसमच आहे. मुलगा आता पावणेसहा फुटांच्या वर गेला होता आणि दुसऱ्या राज्यातली, आमच्या मुलीपेक्षा वरच्या पायरीवरची एक मुलगी जोडीदार शोधत होती. आम्हाला कळलं त्याच्या आईच्या मेसेजने. तिने नीट लिहिलं होतं, आभारही मानले होते. लेक सोळा वर्षांची, इतकी वर्षं रोज सकाळी ज्याचा हात धरला त्याने स्वतः काही सांगितलं नाही, याचा तिला राग आला. जोडी गेल्याचा नव्हे. जोडी गेली तर काय करायचं हे तिला माहीत होतं, व्हिडिओ पुन्हा काढायचा. माझं मात्र डोकं फिरलं होतं. एकेरी खेळणाऱ्याची मेहनत त्याच्याजवळ राहते. हिची अर्धी मेहनत कोणीतरी गाडीत घालून घेऊन गेलं. राष्ट्रीय पातळीवरची पात्रता जोडीची असते, एकटीची नव्हे. दुसऱ्या जोडीदाराबरोबर सगळं खालून सुरू.

मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट १९९७ पासून एकत्र होते. २०१४ ला सोचीत अमेरिकेला आइस डान्सचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळालं तोवर सतरा वर्षं. लोक त्यांच्या पायांचं कौतुक करतात. मी त्या दोन घरांचं करते, ज्यांनी सतरा वर्षं गाव बदललं नाही, भांडण विकोपाला जाऊ दिलं नाही.

मधल्या काळात लेकीने सोलो डान्स केलं. तेच नाच एकटीने करायचे, त्याच्याही स्पर्धा असतात. आणि चालू होत्या ट्रायआउट. एक मुलगा युरोपातला होता, त्याच्या देशाकडून खेळायचं होतं. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत दोघांपैकी एक त्या देशाचा नागरिक असला तरी चालतं, पण ऑलिंपिकला दोघंही नागरिक हवेत. कॅनडात जन्मलेल्या टॅनिथ बेलबिनला अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं ते २००५ च्या डिसेंबरअखेरीस, संसदेने कायद्यात खास तरतूद केल्यावर. आणि दोनच महिन्यांनी तिने तोरिनो ऑलिंपिकमध्ये बेन अ‍ॅगोस्टोबरोबर रौप्य मिळवलं. आमच्यासाठी कोण कायदा करणार होतं! नको म्हटलं. त्याच सुमारास आत्याने पुण्याहून विचारलं, भारताकडून का नाही खेळत, तिथे स्पर्धाच नसेल. लेकीकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड आहे, पासपोर्ट अमेरिकेचा. ओसीआयवर भारताकडून खेळता येत नाही, भारताचं नागरिकत्वच लागतं, म्हणजे अमेरिकेचं सोडावं लागतं. तारा प्रसादने ते केलं, अमेरिकेत वाढून ती भारताकडून एकेरीत खेळते. पण ती एकटी निर्णय घेऊ शकते. इथे तोच निर्णय घेणारा दुसरा एक मुलगाही शोधायला हवा, जो ट्विझल मारतो. आत्या म्हणाली, "मग राहू दे बाई."

२०२० च्या मार्चमध्ये माँट्रियलची जागतिक स्पर्धा रद्द झाली आणि आमची रिंकही बंद झाली. उघडली तेव्हा नियम सहा फुटांचा. आइस डान्समध्ये सहा फुटांचं अंतर! एका घरातले भाऊ-बहीण असलेल्या जोड्यांचं तेवढं फावलं. लेकीने बेसमेंटमध्ये चाकांच्या स्केटवर पॅटर्न गिरवले, फरशीला पडलेले ओरखडे अजून आहेत.

दुसरा जोडीदार मिळाला तो दुसऱ्या राज्यात. अठराव्या वर्षी ती तिकडे एका कुटुंबाकडे भाड्याच्या खोलीत राहायला गेली. मुलगा शांत, कामाला पक्का. २०२१-२२ च्या हंगामात ते ज्युनिअर गटात खेळले. त्या वर्षी ऱ्हिदम डान्सला, म्हणजे स्पर्धेतल्या ठरवून दिलेल्या तालांवरच्या नाचाला, हिपहॉप, डिस्को असे रस्त्यावरच्या नाचांचे प्रकार होते आणि त्यातच मधे ब्लूज हा जुना संथ पॅटर्न घालायचा होता. ते दोन्ही एकत्र सांधणं भल्याभल्यांना जमलं नाही. हे दोघं ब्लूजमध्ये फार सुंदर दिसायचे. हिपहॉपमध्ये सभ्य दिसायचे. तेच परीक्षकांनी कागदावर लिहिलं.

हंगाम संपल्यावर तिने फोन करून सांगितलं की बस. कोणाशी भांडण नाही, इजा नाही. सीनिअरला जायचं तर आणखी चार वर्षं लागतील आणि त्यात अर्धा निर्णय दुसऱ्याच्या हातात असेल, तो मला नकोय, असं म्हणाली. नवऱ्याने विचारलं, नक्की ना? ती म्हणाली, "बाबा, पैसे वाचतील, जरा तरी आनंद दाखव." वर्षाला तीस हजार डॉलरच्या वर जात होते. त्याने दाखवला.

आता ती कॉलेज करते आणि उरलेल्या वेळात शिकवते. लहान मुलींच्या परीक्षांना जोडीदार म्हणून उतरते, मुलाची पावलं टाकते. ती म्हणते, मागे जाताना जे कळत नव्हतं ते पुढे जाताना कळलं. २०२२ च्या डिसेंबरमध्ये कॅनडाच्या संघटनेने देशांतर्गत स्पर्धांसाठी जोडीची व्याख्याच बदलली. आता मुलगा आणि मुलगी असं नाही, दोन स्केटर एवढंच. मला तर हा या खेळातला मागच्या कित्येक वर्षांतला सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो. रिंकवर पंधरा मुली जोडीदाराची वाट बघत बसलेल्या असतात, एकमेकींच्या शेजारी. लेकीचं मत इतकं सरळ नाही. उचलणार कोण हे आधी ठरवा, मग बोला, असं ती म्हणते, आणि तेवढ्यावरून आमचा जेवणाच्या टेबलावर वाद होतो.

गेल्या महिन्यात आमच्याच भागातल्या एका गुजराती बाईंचा फोन आला. मुलगी अकरा वर्षांची, वेबसाइटवर माहिती टाकायची आहे, काय काय लिहू? लेकीने फोन घेतला आणि सांगितलं, इतक्यात काही टाकू नका, वरच्या पायरीच्या परीक्षा आधी एकटीने देऊन घ्या, मग मुलं स्वतः विचारत येतात. आणि वजन लिहू नका, विचारलं तरी. बाईंनी मला वेगळं विचारलं ते पैशांचं. मी आमचा जुना कागद शोधून, नावं खोडून, त्यांना पाठवला. एक कलम नव्याने घातलं: हंगामाच्या मध्यात जो सोडेल त्याने कोरिओग्राफीचे अर्धे पैसे परत करायचे, आणि सोडतोय हे आपल्या तोंडाने सांगायचं, आईच्या मेसेजने नाही.